चालू होतो, दहा मिनिटं चालतो आणि मान टाकतो: जुन्या ट्रॅक्टरचं डिझेल कुठे अडतं

घरच्या शेडमध्ये अर्ध्या सेल्फला उठणारा ट्रॅक्टर जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाच्या मैदानात बंद पडतो, तोही भोवती माणसं जमली की. हा प्रकार माझ्या स्वतःच्या ट्रॅक्टरवर आणि मित्रांच्या ट्रॅक्टरांवर इतक्या वेळा हाताळलाय की आता लांबून आवाज ऐकला तरी ओळखू येतो. लक्षणं अशी:

- थंड इंजिन पहिल्या झटक्यात चालू होतं. थोड्या वेळानं आवाज वर-खाली व्हायला लागतो, कुणी रेसचा दांडा हलवत असल्यासारखा. मग इंजिन हळूहळू दम सोडतं. स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करायची तार ओढल्यावर बंद होतं तसं पटकन नाही.
- फीड पंपाचा (टाकीतलं डिझेल ओढून पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाचा) हातपंप वीस-पंचवीस वेळा मारला की पुन्हा चालू होतं आणि तेवढाच वेळ चालून पुन्हा बंद.
- रात्रभर उभा राहिला तर सकाळी एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा, काढल्याशिवाय उठत नाही.
- ट्रेलरच्या फळ्यांवर चढताना, म्हणजे नाक वर असताना, हमखास बंद.
- टाकीपासून मोठ्या पंपापर्यंत (नोझलना दाबानं डिझेल देणारा तो) गळतीचा एक थेंब दिसत नाही, त्यामुळे सगळा संशय त्या पंपावर जातो.

यातली दोन-तीन जुळत असतील तर पुढे वाचा. सेल्फच फिरत नसेल तर बॅटरी आणि तिच्या वायरींची टोकं बघा, ते वेगळं दुखणं आहे.

आधी धूर

याला पैसा लागत नाही. एकानं सेल्फ मारायचा, दुसऱ्यानं सायलेन्सरच्या तोंडाकडे बघायचं. इंजिन फिरतंय आणि धुराचा मागमूस नाही, तर नोझलपर्यंत, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोंडापर्यंत, डिझेल पोचतच नाही. पुढचं सगळं त्याबद्दल आहे. भरपूर पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. कॉम्प्रेशन, टायमिंग, थंडी यांकडे वळा. चालू असताना काळा धूर आणि ताकद कमी असेल तर एअर फिल्टर किंवा नोझल. हा फरक न बघता लोक थेट पाना हातात घेतात, मीही घ्यायचो.

माझा पहिला ट्रॅक्टर हिंदुस्तान सुपर ५०. आम्ही दांडिया बाजारातले, शेतीशी संबंध आजोबांबरोबरच संपला होता, पण बडोद्यात राहून दुसरा कुठला ट्रॅक्टर पहिला घेणार? विश्वामित्रीच्या कारखान्यात चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या घराण्यातले ट्रॅक्टर बनायचे. पुढे १९७८ साली त्याचं गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन झालं आणि १९९९ मध्ये ते महिंद्राकडे गेलं. पादऱ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या वाड्यात गोवऱ्यांच्या ढिगाआड माझा सुपर ५० उभा होता. दीड वर्ष खपून उभा केला. खंडेनवमीला झेंडूची माळ घालून, पूजा करून चालू केला आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन बंद पडला. मी पंप काढून टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर, दिला. पंप ठीक आहे म्हणून परत आला. महिन्याभरानं पुन्हा काढला, पुन्हा ठीक म्हणून परत. शेवटी मकरपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना हात जोडून घेऊन आलो. त्यांनी पान्यांच्या पिशवीला हातसुद्धा लावला नाही. "पहेलां ढांकणुं जो, पछी पंप" (आधी झाकण बघ, मग पंप), म्हणाले आणि टाकीचं झाकण अर्धा आटा सैल केलं. फुस्स असा आवाज आला. ट्रॅक्टर त्यानंतर दुपारभर चालला.

झाकणातलं हवेचं भोक मीच रंगानं बुजवलं होतं, तेही तीन हात देऊन.

हे मुद्दाम सांगतोय, कारण शेतात रोज राबणाऱ्या ट्रॅक्टरला हा आजार क्वचित होतो. नव्यानं उभ्या केलेल्या ट्रॅक्टरला होतो, कारण आपण प्रत्येक सांधा उघडलेला असतो, सगळ्यावर रंग मारलेला असतो, वॉशर मिळेल त्या दुकानातला टाकलेला असतो, आणि टाकीत पाच लिटर डिझेल घालून तो ट्रेलरवर चढवलेला असतो. दोष बहुतेक वेळा आपल्याच हातचा असतो, आणि तो टाकी आणि पंप यांच्या मधल्या दोन-तीन हातांत सापडतो.

टाकी, कॉक, स्टॉपची तार, झाकण

टाकीत डिझेल किती आहे ते काटा बघून नाही, काठी घालून बघा. टाकीतला पाईप तळापासून बोटभर वर उघडतो, कारण तळाला पाणी आणि गाळ बसावा अशी ती रचना असते. त्यामुळे पाच लिटर असूनही नाक वर झालं की पाईपाचं तोंड उघडं पडू शकतं. प्रदर्शनाला अर्ध्या टाकीखाली मी जात नाही.

कॉक, म्हणजे टाकीखालचा डिझेलचा नळ, पूर्ण उघडा. नव्या बुचाचा कॉक काही वेळा अर्धाच उघडतो आणि हाताला पूर्ण वाटतो. स्टॉपची तार आत ढकलल्यावर पंपावरचा दांडा खरंच शेवटपर्यंत परत जातो का, ते तिथे वाकून बघा. नव्या तारेचं आवरण जास्त वळवलं असेल तर दांडा मध्येच अडकतो आणि इंजिन अर्धपोटी चालतं.

मग झाकण. सैल करून ट्रॅक्टर नेहमी बंद पडतो त्याच्या दुप्पट वेळ चालवा. बंद पडला नाही तर काम झालं. टाचणीनं भोक मोकळं करा. झाकणाचा रबर वॉशर नवा कापून बसवलेला असेल तर त्यानंही भोक झाकलेलं असू शकतं. डिझेल हिंदकळून रंगावर येऊ नये म्हणून झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी घालणारे महाभागही आहेत. ती काढा.

इथे एक खूण फार कामाची आहे. भोक बुजलं असेल तर भरलेली टाकी लवकर दगा देते, कारण वर हवेची जागा थोडी असते आणि थोडं डिझेल गेलं तरी तिथे ओढ तयार होते. रिकामी टाकी जास्त वेळ चालते. सांध्यातून हवा शिरत असेल तर उलट होतं: टाकी रिकामी होत जाईल तसा त्रास वाढतो. तुमचा ट्रॅक्टर कधी बंद पडतो ते आठवून बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

आणि हे करतानाच ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल खुणेच्या वर चढलं असेल, पातळ झालं असेल, डिझेलचा वास येत असेल तर तिथेच थांबा. ट्रॅक्टर चालू करू नका. का, ते शेवटी सांगतो.

एका बाटलीची परीक्षा

फीड पंपाकडे येणारा पाईप सोडा, बाटलीत धरा, कॉक उघडा. जुन्या ट्रॅक्टरांत टाकी बहुधा इंजिनाच्या वर असते, डिझेल आपल्या वजनानं खाली येतं. ५० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला साधारण १० लिटर पितं, म्हणजे मिनिटाला १७० मिली. बाटलीत मिनिटाला अर्धा लिटर तरी आलं पाहिजे, असा माझा हिशेब. सुरुवातीला जोरात आणि मग बारीक होत जाणारी धार म्हणजे टाकीत काहीतरी तरंगून तोंडाशी येतंय. त्यामुळे धार पूर्ण एक मिनिट बघा, दहा सेकंदांत समाधान मानू नका.

धार कमी असेल तर कॉक काढून त्याची जाळी धुवा, काचेची वाटी असेल तर तीही. तांबडी पावडर म्हणजे गंज. काळा, शेंबडासारखा चिकट थर म्हणजे डिझेलखाली साठलेल्या पाण्याच्या कडेला जिवाणू वाढलेत. आणि पापुद्रे निघाले, कांद्याच्या सालीसारखे, तर टाकीला आतून लावलेला लेप सुटतोय. यातलं तिसरं सगळ्यात त्रासदायक. पापुद्रा पाईपाच्या तोंडावर चिकटतो, इंजिन बंद पडतं, ओढ थांबली की तो गळून पडतो, आणि तुम्ही तपासायला जाता तेव्हा धार अगदी झकास! असं दोनदा झालं की टाकी उतरवून लेप पूर्ण काढावाच लागतो, वरवरच्या धुण्यानं भागत नाही.

पारदर्शक पाईप

डिझेल चालेल असा पारदर्शक पाईप हातभर घ्या. माझ्या पेटीतलं सगळ्यात उपयोगी हत्यार हेच.

कारण समजून घ्या. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात ओढ असते. तिथे सांधा ढिला असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून गळती दिसत नाही. फीड पंपापुढे, फिल्टरमधून मोठ्या पंपापर्यंत, दाब असतो; इंजिन चालू असताना तिथून डिझेल बाहेर पाझरतं, पण बंद केल्यावर दाब जातो, डिझेल मागे ओघळतं आणि त्याच फटीतून हवा आत येते. सकाळी न उठणारा ट्रॅक्टर बहुधा या दुसऱ्या जातीचा. आणि टाकी वर आहे म्हणून पहिल्या भागात हवा शिरणारच नाही असं समजू नका. जाळी थोडी तुंबली, टाकीतली पातळी खाली गेली, की तोच सांधा कालपर्यंत ओलसर होता तो आज हवा ओढायला लागतो.

पारदर्शक पाईप आधी फीड पंपाच्या अलीकडे जोडा आणि चालवा. बुडबुडे दिसले तर दोष टाकीकडच्या बाजूला. नाही दिसले तर तोच पाईप फिल्टर आणि मोठा पंप यांच्या मध्ये जोडा. आता दिसले तर दोष फीड पंप किंवा फिल्टरमध्ये. सुरुवातीचे एक-दोन मिनिटांचे बुडबुडे मोजू नका, ते तुम्ही पाईप सोडल्यामुळे आलेले असतात. दोन्ही जागी स्वच्छ डिझेल आणि तरीही इंजिन मरतंय, तर मग हा लेख तुमच्या कामाचा राहत नाही, शेवटच्या भागाकडे जा.

फिल्टरची रिंग आणि तांब्याचे वॉशर

फिल्टर बदलताना जुनी रबर रिंग वरच्या बैठकीला चिकटून राहते आणि आपण तिच्यावरच नवी बसवतो. दोन रिंगा कधीच नीट बसत नाहीत. वर अंधार असतो, रिंग काळी, बैठक काळी. बोट फिरवून, टॉर्च लावून बघा. मधल्या बोल्टाची छोटी रिंग लोक हमखास विसरतात. बदलायचा खर्च चहा-नाश्त्याइतका.

बँजो बोल्टाच्या (पाईपाचं टोक जोडणाऱ्या पोकळ बोल्टाच्या) सांध्यात दोन्ही बाजूंना एकेक वॉशर लागतो. तांब्याचा जुना वॉशर दाबून कडक झालेला असतो. तो लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका, पुन्हा मऊ होतो. लोखंडासारखा तांब्याला पाण्यानं कडकपणा येत नाही. मग काच खाली ठेवून बारीक पॉलिश पेपरवर दोन्ही बाजू घासा. बैठकीवर रंग असेल तर तो पूर्ण खरवडून काढा. रंगावर बसलेला वॉशर आज घट्ट वाटतो, इंजिन तापलं की रंग दबतो आणि फट पडते. शेडमध्ये ठीक आणि मैदानात बंद, याचं हे एक साधं कारण.

गळती थांबत नाही म्हणून बोल्ट आणखी आवळू नका. फिल्टरचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं, तडा गेला तर जुन्या मॉडेलचं शोधायला वणवण होते. आणि डिझेलच्या सांध्यांना नळवाल्याची पांढरी टेप कधीच गुंडाळू नका. तिचा एक धागा सुटून पंपात गेला की साध्या वॉशरचं काम मोठ्या बिलावर जातं. एका मित्राच्या मॅसी ३५ ट्रॅक्टरवर मी स्वतः चिमट्यानं असा धागा फिल्टरच्या तोंडातून ओढून काढलाय. तो पुढे गेला असता तर पर्किन्सच्या त्या तीन सिलिंडरांच्या इंजिनावरचा रोटरी पंप (एकाच फिरत्या भागातून सगळ्या नोझलना डिझेल देणारा) त्यानंच अडवला असता.

फीड पंप

हातपंपाचा दांडा मारताना काहीच जोर लागत नाही, असं झालं तर लगेच पंप खराब म्हणू नका. पडद्याचा (आत रबरी पडदा हलणारा) पंप असेल आणि आतला कॅम उंचावर थांबला असेल तर दांड्याला जागाच उरत नाही. इंजिन एक फेरा फिरवा आणि पुन्हा मारा. मूठ फिरवून वर येणाऱ्या हातपंपाचं उलटं: काम झाल्यावर मूठ खाली दाबून आटे पूर्ण आवळले नाहीत तर तिथूनच हवा शिरते. प्रदर्शनात घाईघाईनं एअर काढली की हे नेमकं राहून जातं.

पडद्याला चीर असेल तर डिझेल थेट ऑइलमध्ये उतरतं. मघाशी पट्टी बघायला सांगितली ती त्यासाठी. पडदा-व्हॉल्व्हचा संच मिळतो, घरी बदलता येतो, दुपार जाते एवढंच.

नोझलवरून परत येणारा बारीक रबरी पाईपही एकदा वाकवून बघा. तो चिरलेला असेल आणि फिल्टरला जोडलेला असेल तर रात्री फिल्टर त्याच वाटेनं रिकामा होतो.

एअर काढण्याचा क्रम

आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत हातपंप मारा. दुसरा फिल्टर असेल तर त्यानंतर तो. मग मोठा पंप: रोटरीला आधी बाजूचा स्क्रू, नंतर वरच्या झाकणावरचा; इनलाइनला (प्रत्येक नोझलचा भाग एका ओळीत असलेल्या पंपाला) बाजूचा. डिझेल वाहत असतानाच स्क्रू बंद करायचा, हातपंप थांबवून नाही. शेवटी नोझलच्या पाईपांचे नट एकेक आटा सैल करून, रेस अर्धी ठेवून सेल्फ मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती. सेल्फ तापून जळाला तर प्रदर्शन तिथेच संपलं.

सैल नटावर बोट ठेवून डिझेल येतंय का बघायची सवय असेल तर ती आजच मोडा. जुन्या नोझलसुद्धा १७५ बार आणि त्याहून जास्त दाबावर उघडतात. ती बारीक धार कातडीच्या आत घुसते. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फार, पण बोट गमवायची वेळ येते. असं झालं तर दुखायची वाट न बघता लगेच मोठ्या रुग्णालयात जा आणि दाबाचं डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

हवेच्या नळीत पेट्रोलचा बोळा किंवा चालू करायचा स्प्रे तर नकोच. मॅनिफोल्डमध्ये तापणारा हीटर असेल तर भडका उडतो.

इथे थांबा, मिस्त्री बोलवा

पारदर्शक पाईपात दोन्हीकडे स्वच्छ डिझेल, एअर पूर्ण काढलेली, आणि तरी इंजिन मरतंय. आता दोष मोठ्या पंपात किंवा नोझलमध्ये आहे. पंप घरी खोलायचा नाही. आतले भाग एकमेकांत इतके तंतोतंत बसवलेले असतात की कापसाचा धागासुद्धा चालत नाही, आणि जुळवणी टेस्ट बेंचशिवाय होत नाही. मी इतर सगळं खोलतो, पंपाच्या सीलला हात लावत नाही.

ऑइलमध्ये डिझेल दिसलं आणि फीड पंपाचा पडदा शाबूत निघाला, तरीही थांबा. ते बहुधा मोठ्या पंपाच्या सीलमधून येत असतं. पातळ ऑइलनं बेअरिंग जातात, आणि पातळी फार वाढली तर इंजिन ते ऑइलच जाळू लागतं. मग स्टॉप ओढूनही ते थांबत नाही, रेस आपोआप वाढत जाते. त्या वेळी हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबून इंजिन गुदमरवतात, पण हात कधीच ठेवायचा नाही. हे आधी कधी न केलेल्या माणसानं लोकांना मागे हटवावं आणि स्वतःही हटावं. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या मोटारींचा मोठा सोहळा झाला, तशा ठिकाणी माणसं आणि लेकरं बॉनेटला चिकटून उभी असतात. संशय असलेला ट्रॅक्टर तिथे नुसता उभा ठेवावा, चालू करून दाखवायचा हट्ट नको.

पंप काढायची वेळ आलीच तर आधी टायमिंगच्या खुणांचे मोबाइलवर फोटो काढा. खुणा रंगाखाली गेल्या असतील तर पंप आणि इंजिन यांच्या सांध्यावर पंचानं बारीक खूण करा. पाईपांची सगळी तोंडं बुचांनी बंद करा, चिंधी कोंबू नका. पंपाबरोबर नोझलही न्या, आणि बेंचवाल्याला नुसतं "चालत नाही" सांगू नका. किती मिनिटं चालतो, टाकी किती भरलेली असताना बंद पडतो, पारदर्शक पाईपात काय दिसलं, हे कागदावर लिहून पंपाला बांधून द्या. माझा सुपर ५० दोनदा नुसता पंप म्हणून गेला होता, आणि दोन्ही वेळा बेंचवाल्यानं विचारलं होतं, "गाडीत नेमकं काय होतं?" मला सांगता आलं नव्हतं.